आमच्या टाकीतला उजेड

मी एकतीस वर्षं घाटकोपरच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. त्यातही 'प्रकाश' हा धडा म्हणजे माझी मक्तेदारी. तपासणीला साहेब यायचे असले की मुख्याध्यापक वेळापत्रक फिरवून त्या तासाला माझाच वर्ग लावायचे, आणि मी लोलक आणि पांढरा पुठ्ठा घेऊन साहेबांना सात रंग दाखवायचो. दोन साहेबांनी वहीत 'उत्तम' असा शेरा मारला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते एका अडाणी माणसाच्या घरी घडलं असा कुणाचा समज व्हायला नको.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी मुलीचं लग्न झालं. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. हॉलमध्ये खिडकीजवळ तिचं अभ्यासाचं टेबल असायचं, ते तिनं नव्या घरी नेलं आणि तिथली भिंत मोकळी पडली. त्या मोकळ्या जागेकडे बघत मी दोन महिने काढले. मग रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरकडे गेलो, तर ते म्हणाले की काहीतरी छंद लावून घ्या, मासे पाळा, माशांकडे बघितलं की मन शांत होतं. त्यांच्या दवाखान्यात एक टाकी होती आणि तिच्यात एक मासा पोट वर करून तरंगत होता, पण मी ते मनावर घेतलं नाही.

बायको मालवणची. तिच्या माहेरी दारातून शंभर पावलं चाललं की समुद्र लागतो. ती एरवी माझ्याशी मुंबईचंच मराठी बोलते, पण एखादी गोष्ट अगदीच पटली नाही की मालवणीत जाते. त्या मोकळ्या जागी टाकी आली, तिच्यात मीठ कालवून मी खारं पाणी तयार केलं, दोन केशरी पट्ट्यांचे मासे सोडले आणि खुर्ची ओढून समोर बसलो, तेव्हा ती म्हणाली, "मासो खावचो असता. बघीत कित्याक बसतास?"

पहिलं वर्ष बरं गेलं. मासे जगले. एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या माणसाला वर्षभरात एक रोग होतो. त्याला नुसते मासे पुरत नाहीत, त्याला कोरल हवं असतं. म्हणजे प्रवाळ. दगडावर फुलासारखं उमललेलं, पाण्याबरोबर डोलणारं. दिसतं झाडासारखं, पण असतो तो प्राणी. गंमत अशी की त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं आपल्या घरमालकाला देतं. म्हणजे कोरलच्या पोटाचा प्रश्न बराचसा उजेडानं सुटतो. हे वाचलं आणि मला वाटलं, हा छंद देवानं माझ्यासाठीच काढला आहे.

कुर्ल्याला मासे-पक्ष्यांच्या बाजारात एक दुकानदार होता. त्याच्याकडे मी लाईट घ्यायला गेलो. मी कोणतं कोरल ठेवणार, टाकी किती खोल आहे, कुठे ठेवली आहे, यातलं त्यानं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी त्याला पाण्यात तांबडा रंग आधी कसा शोषला जातो आणि निळा कसा खोलवर जातो ते समजावून सांगितलं. त्यानं हातातलं काम थांबवून सगळं ऐकून घेतलं आणि दुकानातला सगळ्यात मोठा लाईट काढून समोर ठेवला. म्हणाला, "सर, तुमच्यासारख्याला हाच पाहिजे. याच्याखाली काय पण ठेवा." गोरेगावच्या स्टुडिओत नायिकेच्या तोंडावर मारायला चालला असता असा तो दिवा मी रिक्षातून मांडीवर घेऊन आणला.

पाठोपाठ कोरल आणली. चार मशरूम, म्हणजे दगडाला चिकटलेल्या मऊ, गोल, जांभळट चकत्या. एक लेदर, ते खरोखर अळंबीसारखं उभं असतं आणि त्याच्या टोपीवर बारीक केसांसारखे हात हलतात. आणि एक हिरव्या गवताच्या तुकड्यासारखं काहीतरी. मी ती कुठे ठेवायची याचा कागदावर आराखडा केला होता. सगळ्यांना सारखा उजेड मिळावा म्हणून सगळी वरच्या दगडावर, दिव्याच्या बरोबर खाली. शाळेत मी हुशार आणि ढ अशा दोन्ही मुलांना पहिल्या बाकावर बसवायचो, तशातलाच प्रकार.

दहा-बारा दिवसांत मशरूम आकसायला लागली. आणताना पुरीएवढी होती ती शंकरपाळीएवढी झाली. मग कडेनं पांढरी पडली. लेदरनं हात आत ओढून घेतले आणि ते रुसल्यासारखं बंद होऊन बसलं. टाकीच्या खिडकीकडच्या काचेवर हिरवं शेवाळ इतकं चढायचं की दर दोन दिवसांनी मला पट्टीनं खरवडून काढावं लागे. बाकीच्या तीन काचा स्वच्छ आणि ही एकच हिरवी. मी याची नोंद वहीत केली आणि कारणाच्या रकान्यात 'पाण्यातील क्षारांचे असमान वितरण' असं लिहिलं. एवढं शास्त्रीय वाक्य लिहिल्यावर पुढे विचार करायची गरज वाटली नाही.

मग मी एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरलो. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतचे खाऱ्या टाकीवाले त्यात होते. बँकेतले, सॉफ्टवेअरवाले, एक दाताचे डॉक्टर, एक निवृत्त मोटरमन. ग्रुपमध्ये उघड उघड दोन तट होते. एक निळ्या उजेडाचा आणि एक पांढऱ्या उजेडाचा. निळे म्हणायचे की पांढऱ्या उजेडात कोरल ठेवणं म्हणजे अडाणीपणा. पांढरे म्हणायचे की निळे लोक कोरल पाळत नाहीत, लग्नाचा हॉल सजवतात. मी माझ्या मशरूमचा फोटो टाकला आणि काय करू असं विचारलं. तासाभरात वीसेक उत्तरं आली. उजेड वाढवा. उजेड कमी करा. उजेडाला हात लावू नका, पाणी बदला. पाणी अजिबात बदलू नका. मोटरमननी एवढंच विचारलं की टाकी घरात नेमकी कुठे ठेवली आहे. हा प्रश्न मला फारच प्राथमिक वाटला. मी 'हॉलमध्ये' असं उत्तर दिलं.

पुढचे दोन महिने मी सगळ्यांचे सल्ले पाळले. मशरूम वरून खाली, खालून डावीकडे, डावीकडून परत वर. आज दिवा सात तास, उद्या दहा तास. रंग कधी निळा, कधी जांभळा, कधी दवाखान्यासारखा पांढरा. अंधेरीला एका सॉफ्टवेअरवाल्याकडे पाण्यात बुडवून उजेड मोजायचं यंत्र होतं. मी मेट्रोनं जाऊन ते आठवड्यासाठी मागून आणलं आणि रोज संध्याकाळी सातला, दिवा पूर्ण जोरात लावून, टाकीच्या प्रत्येक कोपऱ्यात उजेड मोजला. आलेख काढला. आलेख इतका सुंदर आला की मी तो मुलीला पाठवला. तिनं अंगठा पाठवला. आलेखाप्रमाणे टाकीचा तळ मशरूमसाठी अगदी योग्य होता. मी ती तळाशी ठेवली आणि ती तिथेही पांढरी होत राहिली.

याच सुमारास आमच्या सोसायटीत चर्चा सुरू झाली. काटकोनात असलेल्या बाजूच्या विंगमधल्या लोकांना संध्याकाळी आमच्या खिडकीतून जांभळा उजेड दिसत होता. कुणी म्हणालं, मास्तरांनी ब्युटी पार्लर काढलं. कुणी मोबाइलवर बघितलं होतं की अशा उजेडात घरातल्या घरात गांजा पिकवतात. शेवटी एका रविवारी संध्याकाळी सेक्रेटरी आणि कमिटीचे दोघे पाहणीला आले. सेक्रेटरी आयुष्यभर एका सरकारी खात्यात फायली बघत आलेले, त्यामुळे त्यांनी टाकीकडेही फाइलसारखंच बघितलं, आधी वरून, मग बाजूनं. मी त्यांना बसवलं आणि निळ्या प्रकाशाची तरंगलांबी सांगायला सुरुवात केली. वीस मिनिटांनी एका सदस्याचा डोळा लागला. सेक्रेटरी मात्र जागे होते. त्यांनी दोनच मुद्दे काढले. एक, हा व्यवसाय नाही असं लेखी द्या. दोन, एवढं पाणी म्हणजे एवढं वजन, इमारतीला ते झेपतं का ते इंजिनिअरला दाखवावं लागेल.

मी लेखी दिलं. इंजिनिअर आला. त्यानं टाकीखालची फरशी ठोकून बघितली, स्लॅब बघितला आणि म्हणाला की टाकीचा काही त्रास नाही, ही जागा भक्कम आहे. मग आलोच आहोत तर म्हणून तो गच्चीवर गेला, बाहेरून बीम बघितले, दोन ठिकाणी बोटानं पोपडा काढला आणि आतली गंजलेली सळई दाखवली. त्याचा अहवाल आला तो असा की टाकी ठीक आहे, इमारत ठीक नाही. विशेष सभा झाली आणि संपूर्ण इमारतीची दुरुस्ती मंजूर झाली. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघून मान फिरवायला लागले. इमारतीला तडे माझ्या माशांमुळे गेले, असं तळमजल्यावरच्या आजी आजही सांगतात.

दुरुस्तीचे बांबू बांधायला सुरुवात होण्याआधी मी एकदा परत कुर्ल्याला गेलो. माझी रडकथा ऐकून दुकानदार पहिल्यांदाच मुद्द्याचं बोलला. म्हणाला, "सर, तुमचा लाईट कडक आहे. मशरूमला सावली लागते. तुम्ही कडक उजेडाचं कोरल घ्या ना." आणि मागच्या बाजूला नेऊन त्यानं एक टाकी उघडली. आत सांबराच्या शिंगासारखं फांद्याफांद्यांचं, टोकांना निळसर असलेलं जिवंत कठीण प्रवाळ होतं. इतकं देखणं की मी काचेला नाक लावून बघत राहिलो. माझी मऊ कोरल वेगळी, पण हे कठीण प्रवाळ आपल्या कायद्यानं संरक्षित आहे, ते असं विकत घ्यायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. मी परवान्याचा कागद मागितला. तो म्हणाला, सगळं परदेशातून, शेतीत वाढवलेलं, आणि एक झेरॉक्स पुढे केली. तिच्यावर मालाचं नाव होतं 'शोभेचे दगड'.

मी बाहेर येऊन बायकोला फोन लावला. मला तिची परवानगी नको होती, तिनं आग्रह करावा असं वाटत होतं. ती सगळं ऐकून म्हणाली, "माझ्या भावान वाळयेतलो मेलेलो तुकडो उचललो तरी वनखात्याचे लोक दारात येतत. आणि तुमी जितो घरात आणतास?" तिचा भाऊ मालवणला पर्यटकांना होडीतून समुद्राखालचं प्रवाळ दाखवायला नेतो, आणि होडी सुटायच्या आधी कशाला हात लावायचा नाही हे तो प्रत्येकाला बजावून सांगतो. मी त्या दुकानात अर्धा तास आणखी रेंगाळलो, हे कबूल करतो. मग तसाच परतलो. ग्रुपवर मात्र मी 'तत्त्वासाठी नकार दिला' असं लिहिलं आणि त्याला बरेच अंगठे मिळाले.

आठवडाभरात बांबू चढले आणि इमारतीभोवती हिरवी जाळी आली. ज्यांनी मुंबईत इमारतीची दुरुस्ती अनुभवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तीन-चार महिने माणूस दुधी भोपळ्याच्या आत राहिल्यासारखा राहतो. बाहेर दिवसभर छिन्नी-हातोड्याची ठोकाठोक. धूळ नको म्हणून आम्ही खिडकी बंद केली आणि आतून जाड पडदा लावला. बाल्कन्यांमधल्या तुळशी पिवळ्या पडल्या. दुपारीही ट्यूबलाईट लावावी लागे.

जाळी लागली त्याच दिवशी मी योगायोगानं दिव्याचा रंग बदलला होता. निळा जास्त, पांढरा कमी आणि दुपारी एक तास विश्रांती. हा माझा सतरावा प्रयोग. आणि काय सांगू, तीन आठवड्यांत मशरूम उमलायला लागली. आधी कडा सुटल्या, मग रंग भरला, मग एक मशरूम अक्षरशः ताटलीएवढं पसरलं. लेदरनं हात बाहेर काढले. काचेवरचं शेवाळही थांबलं. वहीत मी 'क्षारांचे वितरण समान झाले' अशी नोंद केली.

माझा आनंद मी ग्रुपवर मांडला. थोडक्यात मांडायला हवा होता. पण मी 'प्रवाळांसाठी विश्रांतियुक्त नील-प्रकाश पद्धत' असा चार भागांचा लेख लिहिला. आलेख जोडले. आधीचे-नंतरचे फोटो जोडले. निळ्या तटानं तो डोक्यावर घेतला. पांढऱ्या तटातले दोघे फुटून निळ्यांत आले. दातांच्या डॉक्टरांनी आपल्या टाकीला ती पद्धत लावली आणि चार दिवसांत फरक दिसतोय असं कळवलं. बोरिवलीच्या एकानं मला फोन करून 'सर, तुम्ही पुस्तक लिहा' असं सुचवलं. मी मनात प्रस्तावनेची पहिली दोन वाक्यं तयारही केली.

एका दुपारी आम्ही दोघं जेवून हॉलमध्ये बसलो होतो. घरात सगळा हिरवट अंधार आणि मध्ये लखलखीत टाकी. बायको मटार सोलत होती. मी तिला माझा लेख वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला. मग मशरूमकडे बघत सहज म्हणाली, "बरं वाटत असेल त्यांना. ऊन बंद झालं ना."

मी विचारलं, "कसलं ऊन?"

"सकाळचं. साडेनऊपर्यंत असायचं की त्यांच्या अंगावर."

"आपल्या टाकीवर ऊन यायचं?"

"म्हणजे काय? पूर्वेची खिडकी आहे ती. समोर सगळी मिठागरं. सात वाजता पडदा सारला की थेट आत. मी मसाल्याच्या मिरच्या तिथेच वाळवायचे, टाकीशेजारी सुपात."

मग मला सगळं एकदम उमगलं, आणि ते फारसं सुखाचं नव्हतं. मी रोज सकाळी साडेसहाला फिरायला बाहेर पडतो. आम्ही सहा-सात निवृत्त माणसं बागेत चार फेऱ्या मारतो, मग उडप्याकडे इडली खात देशाचा कारभार दुरुस्त करतो, आणि मी घरी पोचतो तेव्हा दहा वाजलेले असतात. तोपर्यंत सूर्य वर सरकून खिडकीबाहेर गेलेला. टाकी आली त्या दिवसापासून मी कधीही सकाळी आठ वाजता तिच्यासमोर नव्हतो. मोजमापं घेतली ती सगळी संध्याकाळी सातला. आलेखात दिव्याचा प्रत्येक किरण होता, फक्त सूर्य नव्हता. एकतीस वर्षं मुलांना 'प्रकाशाचे स्रोत' शिकवताना फळ्यावर पहिल्या क्रमांकाला मी जे नाव लिहीत आलो, तेवढंच विसरलो होतो. आणि ते मिरच्यांनी भरलेलं सूप रोज दहा वाजता टाकीशेजारी दिसायचं. ते उचलून स्वयंपाकघरात ठेवायचं काम माझ्याकडेच होतं.

मी तिला विचारलं की मग इतके महिने तू बोलली का नाहीस. ती म्हणाली, "मला वाटलं प्रयोग चाललाय. तुम्ही वहीत लिहीत होतात ना." यात टोमणा होता की नाही ते मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न केला. ती मटारच सोलत होती.

दोन दिवस मी त्याच कामाला लागलो. वही काढली, सतराच्या सतरा प्रयोग परत वाचले, आणि प्रत्येकाच्या खाली 'सकाळचे ऊन धरलेले नाही' असं लाल शाईनं लिहिलं. हात दुखला. मग ग्रुपवर खुलासा टाकला. माझ्या पद्धतीत काही अर्थ नाही, मशरूम सुधारली ती हिरव्या जाळीमुळे, प्रत्येकानं आधी आपल्या खिडकीतून किती ऊन येतं ते बघावं, असं सरळ लिहिलं. निळ्या तटानं उत्तर दिलं की सर फार विनयशील आहेत. दातांच्या डॉक्टरांनी कळवलं की त्यांच्याकडे पद्धत उत्तम चालू आहे. त्यांच्या घरात खिडकी कुठे आहे हे मी विचारलं, त्याला उत्तर आलं नाही. फक्त मोटरमननी मला वेगळा संदेश पाठवला, 'हॉलमध्ये कुठे, हे मी विचारायला हवं होतं.' एवढ्या चांगल्या माणसाला मी प्राथमिक समजलो होतो, याची लाज वाटली. मी त्यांना फोन केला. त्यांनी सांगितलं की त्यांची टाकी उत्तरेच्या खोलीत आहे, दिवा अगदी साधा आहे, आणि त्यांनी आधी दिव्याला काय झेपेल ते बघितलं, मग तेवढ्यात राहणारी कोरल शोधली. मी नेमकं उलटं केलं होतं. आधी दिसलं ते उचललं, मग त्याच्यासाठी दिव्यांची सर्कस केली.

डिसेंबरात जाळी उतरली. त्या सकाळी मी फिरायला गेलो नाही. मित्रांना बरं नाही असं सांगितलं. सात वाजता बायकोनं पडदा सारला आणि मी खुर्ची ओढून समोर बसलो. ऊन आलं. आधी टाकीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक पिवळी पट्टी पडली, मग ती हळूहळू खाली उतरत मधल्या दगडावर आली, आणि आठ-सव्वाआठला तर तळापर्यंत पोचली. पाण्यातून ती हलत होती आणि दगडांवर उजेडाच्या जाळ्या फिरत होत्या. माझ्या एवढ्या मोठ्या दिव्यानं असं कधी केलं नव्हतं. बायको चहा घेऊन शेजारी बसली. ऊन कुठे किती वेळ थांबतं ते ती सांगत गेली आणि मी काचेवर खडूनं खुणा करत गेलो. डाव्या बाजूला एक कपार होती, तिथे पूर्ण सकाळभर ऊन पोचलंच नाही. "ह्यांना इथं ठेवा," ती मशरूमकडे बोट दाखवून म्हणाली. मी ठेवली. मोठा दिवा एक तृतीयांशापेक्षा कमी जोरावर आणला. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला. मिरच्या वाळवायची जागा बाल्कनीत गेली, त्याबद्दल थोडी कुरबूर झाली.

लेदरला वरचा मधला दगड मानवला. हिरवं गवत उजवीकडच्या उन्हात इतकं पसरलं की मला ते दोन वेळा कापावं लागलं. मशरूमची चाराची अकरा झाली. एक मोटरमनना दिलं. एक अंधेरीच्या यंत्रवाल्याला, उशिरा परत केलेल्या यंत्राची भरपाई म्हणून.

नंतर एकदा टाकीत एक जागा रिकामी आहे, तिथे काहीतरी आणावं असं मला वाटलं, तर बायको म्हणाली की मीही येते. आम्ही कुर्ल्याला गेलो. दुकानदारानं उत्साहानं तीन-चार कोरल दाखवली, प्रत्येकाचा रंग, प्रत्येकाचं इंग्रजी नाव. नर्सरीतून अनंताचं रोप घेताना विचारतात तसं तिनं प्रत्येकासमोर उभं राहून विचारलं, "याला ऊन किती लागतं? सकाळचं चालतं का?" दुकानदार आधी हसला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी बायकोकडे बोट दाखवलं, तेव्हा तो आतून एक जाड चोपडी घेऊन आला आणि पानं उलटायला लागला. एकाला फार उजेड लागत होता, एकाला फार कमी, आणि एकाबद्दल चोपडीत काहीच नव्हतं.

आम्ही रिकाम्या हातानं निघालो. येताना रिक्षात ती म्हणाली की ती जागा मोकळीच बरी दिसते, मासे तिथून आरपार जातात. घरी येऊन मी बघितलं, तर ते खरंच जात होते.